आईच्या नावची मोटर

आमच्या गावाला कोणत्या आपत्तीचा किती धोका आहे, हे तपासायला तालुक्याहून साहेब आले, तेव्हा त्यांची गाडी ओढ्यातल्या गाळात रुतली. ती काढायला अर्धं गाव धावलं. साहेबांनी चिखल झटकत पहिला शेरा दिला, "गावात एकी चांगली आहे." तपासणीची सुरुवात अशी आमच्या बाजूनं झाली.

मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मतदार याद्या, जनगणना, जंताच्या गोळ्या हे सगळं उरकून वेळ राहिला तर शिकवते. त्यामुळं आपत्ती समितीचं लिहिण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. पुराच्या वेळची निवाऱ्याची जागा म्हणूनही शाळाच ठरली, कारण गावात उंचावर तेवढी एकच इमारत आहे. तिचं छप्पर गळतं. पण ती वेगळी आपत्ती आणि तिचं खातंही वेगळं.

गाव भीमेच्या काठावर. अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. नदी एकच, पण दोन्ही तालुके आपापल्या काठापुरता तिचा धोका मोजतात. त्या वर्षी पलीकडच्या गावाला लाइफ जॅकेटं मिळाली आणि आम्हाला भोंगा. "म्हंजी पूर आला की आपन वरडायचं आन् त्यांनी तरंगायचं," असं आमचे सरपंच आप्पा म्हणाले. बैठकीत साहेबांनी विचारलं, गावाला मुख्य धोका कशाचा? लोकांनी एका सुरात सांगितलं, बिबट्याचा. मग लाइटचा. मग कारखाना ऊस वेळेवर नेत नाही त्याचा. साहेब म्हणाले, नैसर्गिक आपत्ती सांगा. तेव्हा कुठं नदीची आठवण झाली.

मला ती रोजच असायची. ओढ्याच्या खालच्या अंगाला आमचा विहार आहे आणि त्याच्याभोवती आमची वस्ती. नदी फुगली की ओढ्याचं पाणी मागं दाटतं आणि गावाच्या आधी आमच्या दारात येतं. वस्तीतले तरुण दिवसा कुरकुंभच्या कंपन्यांत, नाहीतर दौंडला रेल्वेत. मागं राहतात ती बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. ती चालत शाळेपर्यंत येऊ शकतात. माझी आई येऊ शकत नाही. मांडीचं हाड मोडल्यापासून ती खाटेवर आहे. तिला खाटेसकट उचलायचं तर चार धडधाकट गडी लागतात, आणि घरात मी एकटी, तीही दिवसभर शाळेत. साहेब ज्याला जोखीम म्हणत होते, ती आमच्या घरात पडल्या पडल्या टीव्हीवरच्या मालिका बघत होती.

म्हणून बचाव पथक नेमताना मी हट्टानं चार ट्रॅक्टरवाले निवडले. सगळे बागायतदारांचे मुलगे, दंडानं भरलेले. त्यांना केशरी जॅकेटं दिली, तरंगायची नव्हेत, नुसती ओळखीची. रंगीत तालमीत कुणालातरी उचलून शाळेत न्यायचं होतं, तेव्हा मी आईचं नाव सुचवलं. अभिनय करायला लागू नये, एवढाच हेतू नव्हता. त्या चौघांना आमचं दार कळावं, खाट कशी धरायची ते कळावं, असं मला वाटत होतं.

तालमीच्या दिवशी आईनं डोक्याला तेल लावून घेतलं, निळ्या काठाची पांढरी साडी नेसली आणि सकाळपासून चहा अर्धाच कप घेतला. उचलून नेताना मधेच पंचाईत नको म्हणून.

आप्पांनी भोंगा हातात घेतला. "ही रंगीत तालीम हाय" असं त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं, मग कागदावरचं वाचलं, "धरणातून नदीत पाणी सोडलं आहे." पुढचं वाक्य, सर्वांनी शाळेकडं यावं, हे कुणी ऐकलंच नाही. आमच्याकडं पाणी सोडलं म्हटलं की माणसांचे पाय आपोआप नदीकडं वळतात. काठावर साऱ्यांच्या मोटरी असतात. पाणी चढायच्या आत त्या काढल्या नाहीत तर उसाचं पाणी गेलंच म्हणायचं. घराघरातून दोर, पहारी, साखळ्या निघाल्या. ट्रॅक्टर सुरू झाले. त्यात केशरी जॅकेटंही होती. आप्पांनी भोंगा माझ्या हातात दिला, धोतर सावरलं आणि तेही गेले.

साहेब शाळेच्या ओट्यावर उभे होते. "काय प्रतिसाद आहे हो," ते खूश होऊन म्हणाले.

"साहेब, ते नदीकडं चाललेत."

"तिकडं काय आहे?"

"पूर," मी म्हणाले.

वस्तीतल्या बायका तेवढ्या पोरांना घेऊन शाळेत आल्या, आणि आल्या आल्या बिस्किटं कधी वाटणार म्हणून विचारू लागल्या. साहेबांनी त्यांचे फोटो काढले. अहवालात प्रतिसाद तत्पर असल्याचं लिहिलं गेलं. दिशेसाठी त्यात रकाना नव्हता.

मी घरी गेले. आई तशीच बसलेली होती, चापूनचोपून.

"आलं न्हाई कुणी?"

"मोटरी काढायला गेले."

"तालमीत?"

"सवय आहे गं त्यांना. ज्याची त्याची मोटर असते, जीव तुटतो."

"ज्याची त्याची न्हाई," आई म्हणाली. "एकट्याच्यानं मोटर निघती व्हय? सावड असती त्यांची. आज तुझी काढू, मग माझी. सावडीतल्या माणसाची मोटर टाकून कुणी माघारी फिरत न्हाई. आपली कुठं हाय नदीवर मोटर? आपल्याला कशापायी कोन यील?" आणि रिमोट हातात घेत ती म्हणाली, "मला एक मोटर घिऊन दे."

ती हे चिडून बोलली नाही. चिडले मी. दुसऱ्या दिवशी पथकातल्या चौघांना शाळेत बोलावून चांगलं झापलं. त्यांनी माना खाली घातल्या. एकजण म्हणाला, "बाई, मावशीला आम्ही आननार म्हंजी आननार. फकस्त मोटरी निघाल्या की लगेच." तो मनापासून बोलत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. मोटरी निघेपर्यंत पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं असतं. आईची खाट बुटकी आहे.

केडगावच्या रस्त्यावर मोटरी दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याच्याकडून मी एक जळालेली मोटर आणली. तो दोनदा म्हणाला, "बाई, ही काय चालायची न्हाई." मी म्हणाले, चालायला नकोच आहे. तिला हिरवा रंग दिला आणि वर पांढऱ्या ऑइलपेंटनं आईचं नाव लिहिलं. मग आप्पांकडं गेले. त्यांच्या शेताच्या कडेला, नदीच्या काठावर, मोटर ठेवायला जागा मागितली.

"शेत कुठंय तुमचं?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग पानी कशाला द्यायचं?"

"आप्पा, पाणी नको. सावडीत आईचं नाव पाहिजे."

आप्पा बराच वेळ तंबाखू मळत बसले. त्यांना कळलं, हे मला दिसत होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, बाई, त्यासाठी मोटर कशाला? तसं काही ते म्हणाले नाहीत. "सावड म्हंजी तुमालाबी हात द्यावा लागंल," एवढंच म्हणाले.

दिला. पुढं एकदा थोडं पाणी सोडलं, तेव्हा शाळा सुटल्यावर पदर खोचून मी दोर ओढायला उभी राहिले. लोक आधी हसले, मग मला दोरावर जागा करून दिली. हाताची सालटी निघाली, पण पाच-सहा मोटरी वर आल्या. त्यात आईचीही आली. ट्रॉलीतून ती रीतीप्रमाणं आमच्या दारात पोचती झाली. पाणी ओसरल्यावर ती पुन्हा नदीवर गेली.

खरं पाणी आलं ते भादव्यात, भर दुपारी. मी वर्गात होते. पोरांना सोडून निघता येईना आणि ओढा भरत चाललेला खिडकीतून दिसत होता. वस्तीतली माणसं चालत आली. त्यांनी आईला उचलून पाहिलं होतं, जमलं नाही. एक बाई रडत होती. गावातले गडी सगळे नदीवर, तालमीत ठरल्याप्रमाणं.

मग चढावर ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत चिखलानं माखलेल्या मोटरी, आणि त्यांच्या मधोमध खाटेवर आई. एक हात खाटेच्या कडेवर, दुसरा हिरव्या मोटरीवर. मोटर पोचती करायला पथकातले चौघे वस्तीवर गेले, तर आमच्या अंगणात गुडघाभर पाणी. मोटर ठेवायला कोरडी जागा नव्हती. मग मोटर आणि मोटरीची मालकीण, दोघींना घेऊन ते वर आले होते. त्यांनी आधी मोटर उतरवली, सावकाश, धक्का न लावता. मग आईला.

मी त्या चौघांतल्या एकाला बाजूला घेतलं. त्याचे हात दोरानं सोललेले होते. त्याला चहा दिला आणि म्हणाले, "ती मोटर जळालेली आहे. चालत नाही."

"ठाव हाय की बाई," तो म्हणाला. "मिस्त्री आमचाबी त्योच हाय. साऱ्या गावाला ठाव हाय."

"मग काढली कशाला?"

त्याला माझा प्रश्न कळेना. "सावडीतली हाय न्हवं," तो म्हणाला.

"आणि आई?" असं विचारायचं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण पलीकडं आई भिंतीला टेकून बसली होती, मोटरीवर पाय ठेवून, आणि चहा पीत होती. या वेळी कप भरून.