गिटारीला दिलेले रंगाचे तीन हात

तुमच्या चुकीची शिक्षा दुसराच माणूस भोगतोय, आणि तुम्ही त्याच्या दारावरून मान खाली घालून जाताय — असं कधी झालंय तुमचं?

माझं झालंय. चार वर्षं झाली. आजवर कुणाकडे बोललो नाही — आईकडे नाही, सभेतल्या सोबत्यांकडे तर नाहीच.

मी कोण ते आधी सांगतो, कारण त्यामुळेच हे जास्त लाजिरवाणं आहे. माझे बाबा पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना. कष्टकऱ्याला मान द्या, खोट्याला जाब विचारा — ही वाक्यं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. आता पत्रकं मी लिहितो. लोकांना जाब विचारतो. मोठ्या आवाजात.

तर — गिटार. ती आपाकाकांची. आपाकाका आमचे शेजारी. सारा जन्म त्यांनी बोटीवर स्वयंपाकी म्हणून घालवला आणि कुठल्याशा बंदरात घेतलेली ही गिटार घेऊन गावी परतले. आमच्या प्रत्येक सभेत भाषणांआधी ते वाजवत. तार छेडली की आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, आणि हात थांबल्यावरही थोडा वेळ रेंगाळायचा. खाऱ्या वाऱ्याने तिच्या पॉलिशचे पोपडे निघायला लागले तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. "जानू मेस्ताकडे दी. दुसऱ्या कोणाक हात लावूक दिव नको."

जानू मेस्त म्हणजे कट्टा गावचे सुतार. दारं, होड्या करतातच. पण मसुऱ्यापासून धामापूरपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायच्या. त्यांनी गिटारीच्या पुढच्या फळीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला. म्हणाले, "पंधरा दीस लागतले. लाखेचा पातळ पॉलिश, बोळ्यान, हळूहळू."

किनाऱ्यावरच्या जमिनींसाठीची आमची सभा आठवड्यावर आली होती. शिवाय मला ती तांबडी हवी होती — लांबून दिसेल अशी. तसं म्हटलं तर मेस्त हसले.

"अरे, ही होडी न्हय. ही म्होरची फळी बोलता. तिका जाड रंग दिलंस तर ती गप बसतली."

मी गिटार उचलली आणि घरी आणली. पंधरा दिवस मागणारा म्हातारा काय मला क्रांती शिकवणार?

इथवर सांगणं सोपं आहे.

आमच्याकडे लाकूड म्हटलं की एकच शहाणपण — पाणी आत शिरता कामा नये. होडीला तेल पाजा, फटींत लांबीचा लगदा भरा, वर रंग चढवा; जितका जाड तितकी होडी टिकते. मी तेच केलं. पॉलिशपेपरने घासलं, लांबी भरली, मामाच्या होडीचा उरलेला तांबडा रंग घेतला आणि तीन हात दिले. उन्हात अशी चमकली! ती फळी पातळ का असते, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. तिच्या थरथरण्यातून तर आवाज यायचा. त्या थरथरीवर मी ओझं लादलं होतं.

सभेत ऐन वेळी मी ती आपाकाकांच्या हातात दिली. त्यांनी तार छेडली — ढब्ब. खोक्यावर थाप मारल्यासारखी. त्यांनी खुंट्या पिळल्या, पुन्हा छेडली. ढब्ब. मग माझ्याकडे बघितलं.

"हिचो आवाज खंय गेलो रे? कोणी केल्यान ह्या?"

माणसं समोर बसलेली. माझ्या खिशात भाषण — कारागिराच्या हातांवरचं. आणि मी म्हणालो, "मेस्तान."

एकच शब्द. कुणी धमकावलं नव्हतं मला. काय झालं असतं खरं सांगितलं असतं तर? लोक दोन मिनिटं हसले असते. एवढंच ना?

"मेस्ताक म्हणा, तू होड्योच रंगय, सुरात पडा नको!" आपाकाका म्हणाले. लोक हसले. मीही हसलो — हो, मीही. मग भाषण केलं. टाळ्या पडल्या.

ते वाक्य गावोगाव गेलं; मेस्तांच्या तोंडावर मात्र कुणी काढलं नाही. आधी एका मंडळाची पेटी कुडाळला गेली, मग दुसऱ्याचीही. आपाकाका आणि मेस्त भजनात वर्षानुवर्षं शेजारी बसायचे. आपाकाकांनी जागा बदलली. गिटार खुंटीला टांगली. तो रंग खरवडायचा तर फळीच फाटेल.

काही महिन्यांनी मेस्त मला कट्ट्याच्या स्टँडवर भेटले. रागावले नव्हते. नुसतं विचारलं, "आपा माझ्याकडे बोलणा नाय रे. माजा काय चुकला?"

आणि मी काय केलं? पिशवीतून नवं पत्रक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. एसटी आली. मी चढलो.

त्या पत्रकात काय लिहिलं होतं, सांगू? — श्रम करणाऱ्याचं नाव बदनाम करणाऱ्यांनो, पुढे या.

आलो. चार वर्षं उशिरा. या पानाची पहिली प्रत आपाकाकांच्या हातात देणार आहे, दुसरी मेस्तांच्या. पुढच्या सभेत हेच वाचणार आहे. दुसरं भाषण नाही. ते दोघे माझ्याशी बोलतील की नाही, हा त्यांचा प्रश्न.

तुमच्याकडे मात्र माझं एक काम आहे. तुमच्या मंडळाची पेटी बिघडली असेल, तर ती कट्ट्याला जानू मेस्तांकडे न्या. आणि ते पंधरा दिवस म्हणाले, तर पंधरा दिवस थांबा.