रजिस्टरात नसलेलं वाक्य

नवऱ्याला मी सगळं सांगायची. शेजारणीने साडी कितीला घेतली, कुणाच्या सुनेने कुणाला काय सुनावलं — सगळं. हे एवढं सोडून. तो गेला त्याला सात वर्षं झाली, न ऐकताच गेला. मुलाला सांगितलं नाही, सुनेला तर नाहीच नाही. देवासमोर उभी असताना हे आठवलं, तर आरती जरा जोरात म्हणते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. सोपं जातं.

सोपं म्हणजे — बघू या किती जमतं ते.

माझी नात घरूनच नोकरी करते. नेपियर टाउनमधल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते आणि दिवसभर कुणाला तरी “हो सर, हो सर” करते. परवा कानातला हेडफोन काढून टेबलावर आपटून स्वयंपाकघरात आली. “आजी, सुबह से पाचवी मीटिंग है! काम कधी करू मी?”

“काहून बाई, मीटिंग म्हणजे कामच न?”

“कौन जोकर रखते हैं इतनी मीटिंग, मला बस एकदा भेटायचंय.”

भेटली होती की! समोरच उभी होती, पोहे परतत. मी परतत राहिले. पोहे लागले खाली, तरी परतत राहिले.

तर त्या जोकरबाईची गोष्ट आहे ही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हा ती पन्नाशीची होती, म्हणजे अक्कल यायला पुरेशी. गोहलपुरात एका शेठजींचा सलवार-सूट शिवण्याचा कारखाना होता, तिथे ती मॅनेजर. आधी बरीच वर्षं तिथेच कारकुनी केलेली, मग शेठजींनी खुर्ची दिली आणि इंदूरला सात दिवसांच्या कसल्याशा शिबिराला पाठवलं. ती परत आली ती एक पांढरा फळा, चार रंगांची पेनं आणि एक पितळी घंटी घेऊन. घंटी शिबिरातली नव्हे हं — ती तिची स्वतःची सूचना. शिबिराला जाऊन आलेल्या माणसाला स्वतःच्या सूचना फार सुचतात.

सकाळी घंटी — आजचं लक्ष्य. दुपारी घंटी — आढावा. संध्याकाळी घंटी — उद्याची तयारी. घंटी वाजली की सगळी मशीनं बंद करून चाळीसच्या वर बायका, इस्त्रीवाले, कटिंगवाले, सगळे हॉलमध्ये जमिनीवर, आणि ही खुर्चीवर. बायकांना मजुरी नगावर होती. म्हणजे त्या जितका वेळ माझं ऐकत बसत, तितका वेळ फुकट. रुखसाना म्हणून एक होती, हाताला फार चलाख. ती माझ्याकडे टक लावून बघायची आणि मांडीवर ओढणीच्या पदराला चुण्या घालत राहायची, नुसत्या बोटांनी. मला वाटायचं, काय एकाग्रतेने ऐकते! शहाणपणाची हद्द बघा.

माल कमी निघू लागला. मग मी काय केलं असेल? माल कमी का निघतो यावर मीटिंग घेतली. दीड तास. हसा तुम्ही, मीही हसते. इथवर हसण्यासारखंच आहे.

आणि एक रजिस्टर होतं. त्यात मीटिंगचं सगळं मी स्वतः लिहायची — कोण हजर, काय ठरलं, किती वाजता सुरू, किती वाजता संपली. शेठजी कारखान्यात फारसे येत नसत. बाजारात, बडा फुहाऱ्याच्या चौकातल्या दुकानावर बसत आणि आठवड्याला रजिस्टर मागवून वाचत. पहिल्यापहिल्यांदा मी खऱ्या वेळा लिहिल्या. मग एकदा त्यांनी विचारलं, “बाई, इतनी देर क्या बात करते हो?” त्यानंतर मी लिहू लागले — अकरा ते सव्वाअकरा. झालेली असायची एकपर्यंत. म्हणजे माहीत होतं मला, नाही का? माहीत नसतं तर खोटं कशाला लिहिलं असतं?

हे छोटं खोटं. मोठं पुढे आहे. मी त्याच्या भोवतीच फिरते आहे, कळतंय मला.

आमचे कटिंग मास्टर मुनीर मास्टर. साठी ओलांडलेले, बारीक, कानावर खडू खोचलेला. कारखाना त्यांच्या हातावर उभा होता. शिवणाऱ्या चाळीस असतात, कापणारा एक असतो. त्याची कात्री चुकली की चाळीसजणी चुकीचंच शिवतात. कापड कापायचं म्हणजे लांब टेबलावर थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मशीनने एकदम सगळी थप्पी कापायची. कापायला घेतलेली थप्पी मध्येच सोडत नाहीत. सोडली, आणि कापड गुळगुळीत असलं, की खालचे थर सरकतात. वरून रेघ जागच्या जागी दिसते, खाली सगळं वाकडं.

लग्नसराईचा मोठा माल होता. क्रेप — साबणासारखं कापड. मास्टरजींनी थप्पी लावली होती, अर्धी कापून झाली होती, आणि मी घंटी वाजवली. विषय होता, माल वेळेवर कसा द्यायचा.

ते दारात आले. “बाईजी, माल बिछा हुआ है, काट के आता हूँ. आधा घंटा.”

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. चाळीस बायकांसमोर म्हटलं. मला बरं वाटलं म्हणताना — हेही सांगून टाकते. ज्या माणसाने मला कारकून असताना कापड ओळखायला शिकवलं, त्याला जमिनीवर बसवताना बरं वाटलं.

दोन तास लागले त्या दिवशी. एप्रिल होता, कटिंगच्या खोलीत कुलर तसाच चालू राहिलेला, टेबलाच्या तोंडावर. मीटिंग संपली, बायका पळाल्या मशीनकडे, आणि मास्टरजी पुन्हा माझ्या टेबलाशी आले. हॉल रिकामा होता. त्यांनी थप्पीच्या कडेवरून हात फिरवून बघितला होता. हळूच म्हणाले, “नीचे का माल सरक गया है. उठा के फिर से बिछाना पड़ेगा. आज का दिन जाएगा.”

नुकतंच मी फळ्यावर लाल पेनने लिहिलं होतं — कटिंग आज चारपर्यंत पूर्ण. लाल पेनने, खाली दोन रेघा.

मी म्हटलं, “मास्टरजी, ठरलं ते ठरलं. कापा.”

त्यांनी कानावरचा खडू काढला. मग गेले आणि कापलं.

माल शिवून झाला, गेला, आणि सगळाच्या सगळा परत आला. वरचे सूट ठीक होते. खालच्यांची शिवण अंगावर घातली की पोटाकडे वळायची, बाह्या एक लहान, एक मोठी. शेठजी स्वतः आले. मीटिंग झाली — दुसरं काय होणार? सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, कुणाची चूक?

मास्टरजी उठून म्हणाले, “मैंने बाईजी को बोला था, माल सरका है.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडलं. सावकाश, बोट ठेवून ठेवून त्या दिवसाचं पान वाचलं, आणि म्हटलं, “इथे तर असं काही नाही, शेठजी.” खरंच नव्हतं. मीटिंग अकरा ते सव्वाअकरा होती, आणि मुनीर मास्टर काही बोलल्याची नोंद नव्हती. माझंच अक्षर, स्वच्छ, वळणदार.

इथवर थांबले असते तरी कदाचित — नाही, कदाचित काही नाही. थांबले नाही. म्हातारा माणूस सगळ्यांसमोर खोटा ठरतोय हे बघून मला दया आली. हो, दयाच! मी म्हटलं, “शेठजी, रागावू नका. मास्टरजी खोटं नाही बोलून राहिले. त्यांना वाटत असेल सांगितलं म्हणून. वय झालं. मला तर काही महिन्यांपासून वाटते, त्यांना नीट दिसत नाही. मी कोणाला बोलली नाही, एवढंच.”

किती गोड आवाजात बोलले, काय सांगू तुम्हाला.

 रुखसानाची बोटं थांबली होती. मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांनी स्वतःचे हात पाहिले, उलटे-सुलटे करून. मला वाटलं होतं ते ओरडतील, भांडतील. भांडले असते तर मी कबूल केलं असतं, अशी समजूत मी बरीच वर्षं घातली स्वतःची. खोटी आहे.

शेठजींनी हिशेब करून त्यांना घरी पाठवलं, सन्मानाने, शाल देऊन. शाल मीच घातली त्यांच्या खांद्यावर. गोहलपुरात असले वीस-पंचवीस कारखाने. पण ज्या कापणाऱ्याचे डोळे गेले असं एकदा बोललं गेलं, त्याच्या हातात कोण कापडाचं थान देणार? रुखसाना मध्येमध्ये सांगायची, माझ्याकडे न बघता. गोहलपुरातच, त्यांच्या गल्लीत राहायची ती. मास्टरजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, चष्मा आहे तोच ठीक आहे, मोतीबिंदू नाही, काही नाही. मग दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तेही तेच म्हणाले. मास्टरजी घरी सांगायचे, डॉक्टर मन राखायला बोलतात. इतक्या लोकांसमोर बाईजी उगीच कशाला म्हणतील? त्या तर माझी बाजू घेत होत्या.

रुखसानाने त्या वर्षी काम सोडलं. घंटी मी पुढेही वाजवत होते, निवृत्त होईपर्यंत.

मास्टरजी नंतर एकदाच भेटले. बडा फुहाऱ्याला, एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावत होते. दुकानदाराने दयेने बसू दिलेलं असावं. मला पाहून उठायला लागले, मी बसा-बसा केलं. मुलाबाळांची चौकशी केली त्यांनी. मग म्हणाले, “बाईजी, आपने सही पकड़ा था. मुझे ही पता नहीं चला, आँख कब चली गई. किसी बच्ची की शादी का जोड़ा बिगाड़ देता तो?”

आणि हे म्हणता म्हणता त्यांनी सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, आणि ओवली. तोच जुना चष्मा. सायंकाळचा उजेड, वर दुकानाच्या फलकाची सावली. एका झटक्यात, डोळे जराही बारीक न करता.

मी ते पाहिलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. पायरीवर आम्ही दोघंच होतो, ना शेठजी, ना फळा, ना चाळीस बायका.

मी म्हटलं, “जपा मास्टरजी, डोळ्यांना ताण नका देऊ.” आणि ऑटोला हात केला.

ते आता आहेत की नाहीत, मला माहीत नाही. गोहलपूर माझ्या घरापासून ऑटोने वीस मिनिटं आहे.