काळ्या पाटीच्या घरांचं गाव आणि निवडणुकीचा रविवार

माझे सासरे सांगलीजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. शिक्षक म्हटल्यावर दर निवडणुकीला ड्युटी ठरलेली, आणि शेवटची काही वर्षं ते केंद्राध्यक्ष असायचे. ते जूनमध्ये आमच्याकडे जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला आले तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक खांबावर उमेदवारांचे फोटो होते.

"अनघा, हे कसलं इलेक्शन?" त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"युरोपियन संसदेचं, बाबा. सत्तावीस देश आपापले खासदार पाठवतात."

"मला एक मतदान केंद्र बघायचंय. आणि जमलं तर पूर्व-पश्चिम जर्मनीमधली ती जुनी सरहद्दही."

मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या वीकेंडला ऑन-कॉल ड्युटी होती. मग आम्ही सासरे-सून दोघंच निघालो. पूर्वीच्या दोन जर्मनींच्या सीमेला लागून, पूर्वेकडच्या बाजूला एक छोटं गाव आहे. तिथल्या एका पेन्सिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, मी दोन खोल्या घेतल्या. नाश्त्यासकट भाडं कोबुर्गमधल्या हॉटेलच्या निम्म्याहून कमी. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

शनिवारी दुपारी निघालो. बांबेर्गवरून कोबुर्गपर्यंत ऑटोबान, म्हणजे हायवे, एकदम मोकळा, पुढे साधा रस्ता. तासा-दीड तासाचं ड्राइव्ह. जाणार असाल तर पेट्रोल आणि खाणं कोबुर्गमध्येच घ्या, रविवारी पुढे काहीही उघडं नसतं. जर्मनी आणि युरोप इथे विभागलेले होते, असं सांगणारा तपकिरी फलक रस्त्याकडेला लागतो. बाबांनी गाडी थांबवायला लावली, उतरून दोन्हीकडचं गवत निरखलं. "सारखंच आहे की," म्हणाले.

गावात शिरलो आणि मी नकळत गाडी हळू केली. त्या भागात पाटीचा दगड निघतो. आपण शाळेत ज्याच्यावर लिहायचो तोच. छपरंच काय, भिंतीसुद्धा त्याच्याच खवल्यांनी मढवलेल्या. दोन्ही बाजूंनी काळी घरं, निम्म्याहून जास्त घरांचे रोलाडेन, खिडक्यांवरची शटर्स, पार खालपर्यंत ओढलेली. आणि खांबाखांबावर हसणारे उमेदवार, त्या बंद खिडक्यांकडे बघत.

"लोक कुठे गेलेत?" बाबांनी विचारलं. लॉजवर पोचल्यावर मी तोच प्रश्न जर्मनमध्ये विचारला.

"कामाला पश्चिमेकडे. उरलेले म्हातारे," लॉजच्या मालकीणबाई, फ्राऊ क्रेमर, म्हणाल्या. सत्तरीच्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. रात्री त्यांनी बटाट्याची क्लोसं केली, आपल्या मोठ्या लाडवाएवढे उकडलेले गोळे, वर मश्रूमची ग्रेव्ही. शाकाहारी मंडळींनी आवर्जून मागा. बाबांनी सोबत आणलेली दाण्याची चटणी त्यावर भुरभुरली आणि बाईंनीही चाखून बघितली.

रविवारी सकाळी फायर स्टेशनमध्ये गेलो. तेच मतदान केंद्र. इथे मतदान बघायला कुणीही बसू शकतं, परदेशी माणूससुद्धा. बाबा खुर्चीवर तासभर हात बांधून बसले. मतपत्रिका जवळजवळ हातभर लांब. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे घेऊन जायची आणि एका वर्तुळात फुली मारायची. बोटाला शाई नाही. फुली मारायला चक्क पेन्सिल!

"पेन्सिल?" बाबा माझ्या कानात म्हणाले. "खोडता येते ना ती."

मी तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं. तो हसला. "कोण खोडणार? मोजणीही सगळ्यांसमोरच होते."

बाबांना हे उत्तर पटलं नाही, पण आवडलं.

दुपारी जुन्या सरहद्दीवरच्या गवताच्या पट्ट्यातून चालून आलो. सिमेंटच्या भोकाभोकांच्या फरश्यांची वाट आहे, बूट जाड तळव्याचे हवेत. चारच्या सुमाराला परतलो तर फ्राऊ क्रेमरनी रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांचा, केक कापून ठेवला होता. मात्र स्वयंपाकघरातला रोलाडेन खाली होता आणि दिवा बंद. सकाळी तो उघडा होता.

आम्ही बसलो आणि तेवढ्यात रस्त्याच्या वरच्या टोकाला दार वाजलं. तीन टकटकी. मग शांतता. मग एका पुरुषाचा स्वच्छ, मोठा आवाज, कुणाचं तरी पूर्ण नाव घेणारा. पुन्हा शांतता. थोड्या वेळाने पुढच्या घराचं दार. तीन टकटकी, नाव, शांतता. ती दोन्ही घरं बंद होती. सकाळीच आम्ही त्यांच्यासमोरून गेलो होतो.

"कोण आहे?" मी विचारलं.

"हळू बोला," फ्राऊ क्रेमर म्हणाल्या. त्यांनी हातातली सुरी आवाज न करता टेबलावर ठेवली. "लोरेन्त्स. आमचे शाळेतले मास्तर. आता नव्वदीला आलेत, डोकं ठिकाणावर नाही. दर निवडणुकीला चार वाजता निघतात."

पुढचं त्यांनी कुजबुजत सांगितलं. पूर्व जर्मनीच्या राजवटीत मतदान म्हणजे कागदाची घडी घालून पेटीत टाकणं. आडोशामागे जाणाऱ्याचं नावही टिपलं जायचं. दुपारपर्यंत जे आले नाहीत त्यांच्या घरी मास्तर पेटी घेऊन यायचे. एका वर्षी फ्राऊ क्रेमरच्या वडिलांनी दार उघडलं नाही. मास्तर तीनदा आले. चौथ्यांदा दुसरेच लोक आले आणि वडिलांना घेऊन गेले. वडील दोन आठवड्यांनी परतले आणि त्यानंतर जेवणाच्या टेबलावर कधी बोलले नाहीत.

"मी तेव्हा इथेच, या खिडकीत बसले होते," त्या म्हणाल्या. "आजही मतदानाच्या दिवशी बाहेर पडत नाही. तर, ते तीनदा वाजवतात आणि जातात. आपण गप्प बसायचं."

टकटक शेजारच्या घरापर्यंत आली. हे सगळं बाबांना मराठीत सांगायला मी वळले, तर खुर्ची रिकामी. ते हात धुवायला गेले होते. आमच्या दारावर पहिली टकटक झाली, दुसरी झाली, तिसरी झालीच नाही. बाहेर पॅसेजमधून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी धावले. बाबांनी दार सताड उघडलं होतं. उंबऱ्याबाहेर एक उंच म्हातारा, जूनमध्ये कोट, टाय. काखेत बुटांचं खोकं, झाकणाला कापून फट पाडलेली. हातात हाताने रेघा मारलेली वही.

"नमस्कार," तो बाबांना म्हणाला. "आपण अजून आला नाहीत." मग वहीत बघून त्याने फ्राऊ क्रेमरच्या वडिलांचं नाव घेतलं.

बाबांनी ती वही पाहिली. रकाने, अनुक्रमांक, खुणा. बाकी एकूणएक नावापुढे खूण होती. फक्त त्या नावापुढची जागा कोरी होती.

"ड्युटीवर आहेत का हे?" बाबांनी मला विचारलं.  मागे फ्राऊ क्रेमर येऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. 

"ते येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तसं लिहा."

"तसं लिहिता येत नाही," म्हातारा अगदी सौम्यपणे म्हणाला. "सहाच्या आत यादी पूर्ण हवी. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मी बाबांना भराभर मराठीत सांगितलं, जमेल तेवढं. ते दोन पावलं पुढे झाले. मग शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलावं तसे सरळ उभे राहून म्हणाले, "त्यांना सांग, मीही मास्तर आहे, मीही याद्या सांभाळल्यात. जो येत नाही त्याची जागा कोरी ठेवायची असते. कोरी यादीसुद्धा पूर्णच असते. खाली सही करायची आणि घरी जायचं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. 

लोरेन्त्स मास्तरांनी बाबांकडे पाहिलं. खूप वेळ. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागेवर आल्यासारखं झालं, आणि मला तेच जास्त भयंकर वाटलं, कारण त्या क्षणी त्यांना सगळं आठवत होतं.

"कोरी," ते म्हणाले. "गेनाऊ, बरोबर. कोरीच होती." त्यांनी वही भिंतीला टेकवून खाली सही केली. मग फ्राऊ क्रेमरना, बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच, ओळखलं. "तू खिडकीत होतीस," म्हणाले. आणि वळून निघाले. पुढच्या तीन घरांपैकी एकाचंही दार त्यांनी वाजवलं नाही.

आम्ही ते कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत उभे होतो. फ्राऊ क्रेमर आत गेल्या. ड्रॉवर उघडल्याचा, कागद चाळल्याचा आवाज आला. पावणेसहाला त्या कोट घालून, मतदानाचं पत्र हातात धरून बाहेर आल्या.

"तुम्ही याल का सोबत?" त्यांनी बाबांना जर्मनमध्येच विचारलं. बाबांना ते मी न सांगताच कळलं.

फायर स्टेशनमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. त्या ती लांबलचक मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेल्या आणि इतका वेळ आल्या नाहीत की अधिकाऱ्याने दोनदा घड्याळ पाहिलं. आल्या तेव्हा कागदाची घडी चार पदरी होती. त्यांनी कुणाला मत दिलं, दिलं की कोराच कागद टाकला, आम्हाला माहीत नाही.

सोमवारी सकाळी निघताना त्यांनी बाबांना उरलेला केक बांधून दिला. 

तुम्ही त्या बाजूला जरूर जा. रस्ते सुंदर आहेत, गर्दी नाही, क्लोसं अप्रतिम आहेत. पण मी त्या गावाबद्दल विचार करते तेव्हा मला जेवण आठवत नाही.

मग आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी बाल्कनीत चहा घेताना बाबांनी आपणहून सुरुवात केली. ते केंद्राध्यक्ष असताना एका केंद्रावर दुपारी एक बाई आली होती. तिच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं होतं. अशा वेळी मतदाराला वेगळी मतपत्रिका द्यायची असते, वेगळ्या पाकिटात ठेवायची असते, त्याचा वेगळा फॉर्म असतो.

"मी दमलो होतो," बाबा म्हणाले. "तिला म्हटलं, तुझं झालंय, घरी जा. ती गेली नाही. केंद्र बंद होईपर्यंत समोरच्या चिंचेखाली बसून माझ्याकडे बघत होती."

"तक्रार केली तिने?"

"नाही. कुणी काही विचारलं नाही. रिपोर्टात मी सगळं सुरळीत लिहिलं."

मंदार आतून दारात येऊन उभा राहिला होता. त्यालाही हे नवीन होतं. बाबांनी कप खाली ठेवला आणि त्या बाईचं नाव उच्चारलं, मतदार यादीत असतं तसं, आडनाव आधी, मग तिचं, मग नवऱ्याचं. मग थोडं थांबून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, समोरून कुणी ओ देतंय का ते ऐकत असल्यासारखं.