साडेसात फेऱ्या

वच्छला गेल्याची बातमी हिंगण्याच्या तिच्या कारखान्यातला एक कामगार घेऊन आला. मोटारसायकल बंद न करताच तो फाटकाबाहेरून म्हणाला, "सर, वच्छलाबाई गेल्या. कावीळ झाली होती." मी घड्याळ पाहिले. ती जुनी सवय आहे.

त्याला पाच आठवडे झाले. मध्यंतरी नागपुरात सदर भागात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी आमच्या धावण्याच्या संघटनेचे माजी सचिव होते. "वच्छलाला मी घडवले," ते म्हणाले. "ऐन निवडीच्या दिवशी पायांनी दगा दिला, हे तिचे दुर्दैव." लोकांनी माना हलवल्या. मी उठलो नाही. मला भाषण करता येत नाही. लिहिता येते.

ती तिखट मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरची. आईबरोबर मिरची तोडण्यात वाढलेली. शिक्षणासाठी नागपुरात मावशीकडे आली, तेव्हा मी त्या शाळेत व्यायामशिक्षक होतो. पहिल्याच दिवशी ती अनवाणी पायांनी मुलांच्या पुढे निघून गेली. "दमली नाहीस?" असे विचारले, तर म्हणाली, "काहून दमू सर? वावरात दिवसभर वाकून राहावं लागते. इथं तं उभ्यानं पळायचं आहे." मी तिला फारसे काही शिकवले नाही. एक नियम मात्र पक्का केला. शेवटच्या फेरीची घंटा ऐकल्याशिवाय शर्यत संपत नाही. शरीर काहीही सांगो, घंटेचे ऐकायचे. पुढे कित्येक वर्षे लांब पल्ल्यात राज्यात तिच्यापुढे कोणी गेले नाही.

सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात परदेशी जाणाऱ्या संघाची निवड आमच्याच मैदानावर झाली. तीन हजार मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या. बायकांना त्याहून लांबची शर्यत तेव्हा कोणी देत नसे. ठरलेल्या वेळेच्या आत धावणारी संघात जाणार होती. उरलेल्या फेऱ्यांचा फलक आणि घंटा सचिवांच्या ताब्यात होती. शर्यतीच्या मध्यावर प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि सचिव हार घेऊन तिकडे गेले. परतल्यावर त्यांनी फलक बदलला. पण मधली एक फेरी मोजायची राहिली होती. माझ्या हातात घड्याळ होते. साडेसात फेऱ्या पूर्ण करून वच्छला रेषेवरून गेली, तेव्हा ठरलेल्या वेळेला चार सेकंद बाकी होते... आणि एक फेरी उरल्याची घंटा तेव्हा वाजली. ती धावत राहिली. मागच्या मुलीही धावत राहिल्या. बाहेरून शिक्षकाने शब्द काढला तर खेळाडू बाद होते, म्हणून मी तोंड उघडले नाही.

निकालपत्रावर साडेआठ फेऱ्यांची वेळ लागली. मी जागच्या जागी लेखी तक्रार दिली. सचिवांनी ती न वाचता खिशात घातली. "मुलींच्या शर्यतीत एवढं कोण मोजून राहिलं, मास्तर?" ते हसून म्हणाले. वच्छला बाजूलाच बसून तळव्यातले खडे काढत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "मले समजलं होतं सर. झाल्या होत्या साडेसात. पण तुम्ही सांगून ठेवलं होतं ना... घंटा ऐकल्याशिवाय नाही."



दुसऱ्या दिवसापासून तिने सरावाची जागा बदलली. सचिवांच्या बंगल्याभोवती चौकोनी रस्ता होता. रोज पहाटे ती त्याला फेऱ्या घाली आणि त्यांच्या फाटकाशी आली की खणखणीत आवाजात आकडा म्हणे. एक. दोन. तीन. आठवडाभराने सचिव अंगात नुसती बंडी घालून बाहेर आले. "काहून वं, दुसरा रस्ता नाही का तुले?"

ती जागच्या जागी पाय हलवत म्हणाली, "मोजून राहिली साहेब. मुलींचं कोणी मोजत नाही ना."

गल्ली हसली. पुढे दूधवालाही तिच्याबरोबर आकडे म्हणू लागला. सचिवांनी निजण्याची खोली मागच्या बाजूला नेली; रस्ता तिकडेही होता. मी तिला एकदा म्हणालो, आता पुरे. "भिवापूरची आहो सर, ठसका हळूहळू लागते," एवढेच ती बोलली. ती परदेशी कधी गेली नाही. पदके पुष्कळ आणली, हिंगण्याला नोकरी केली, पण बंगल्याची पहाट आजारपणापर्यंत चुकवली नाही. तिला एकच हवे होते. त्या दिवशी मोजणी चुकली, एवढे सचिवांनी कागदावर लिहून सही करावी. ते त्यांनी केले नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी काठी घेऊन त्या रस्त्यावर गेलो. मला धावता येत नाही. पहिल्या फेरीला फाटकाशी थांबून मी म्हणालो, "एक." खिडकीत दिवा लागला. तिसऱ्या फेरीला सचिव फाटकाशी उभे होते. तेही म्हातारे झाले आहेत.

"मास्तर, पोरगी गेली," ते म्हणाले. "आता तरी थांबा."

"घंटा वाजली नाही अजून," मी म्हणालो. "ती तुमच्याच हातात आहे."

आणि चौथ्या फेरीला लागलो.