कै. माणिकरावांची गोधडी

माझ्या विद्वत्तेची शोभा मी स्वतःच कशी करून घेतली, हे सांगताना आजही जीभ अडखळते. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. हसा, मात्र कप खाली ठेवून हसा.

दुष्काळाचे साल होते. विहिरीत वाकून पाहावे, तर तळाचे दगड आपल्याकडे पाहत! गावातल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांतल्या पाच जणींना जमवून गोधड्यांची सहकारी संस्था काढली. जिल्ह्याहून एक साहेब नमुने पाहायला येणार होते. पसंत पडले, तर पाचही जणींच्या हातात हातोड्याऐवजी सुई येणार होती.

आता नमुना कोणी शोधायचा? अर्थात मी! शाळा चौथीपर्यंतच झाली; परंतु गावच्या वाचनालयातील तिन्ही कपाटे मी वाचून संपवली होती. त्याबद्दल गावाने मला शाल पांघरवली होती. ती शाल ट्रंकेत होती, तिचा ताठा मात्र मानेत होता.

परंड्याच्या किल्ल्यापाशी लोककलांचा मेळावा भरला होता. वही घेऊन दिवसभर हिंडलो. सायंकाळी बुरुजाच्या आडोशाला एक म्हातारी बसलेली दिसली. अंगावर ठिगळांची अप्रतिम गोधडी! लाल चौकोन, काळी कड आणि मधोमध वीतभर गोल भोक!

"आजी, ही कोणाची?"

"आमच्या माणकाची हाय. त्यो गेला औंदा. आता म्याच पांघरते."

मी हात जोडले. वहीत लिहिले : 'कै. माणिकराव, थोर कलावंत. मधले भोक म्हणजे कोरडी विहीर. मानवी जीवनाचे शून्य.'

घरी येऊन आकृती दाखवली. पाचही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"अहो, ह्या भोकातनं थंडी लागंल की!" सौभाग्यवती म्हणाल्या.

"ते भोक नव्हे. ते रिकामेपण आहे."

"रिकामंपण घरात लई हाय. ते आनि शिवायचं कशापायी?"

"तुम्ही काही वाचले आहे काय?" मी विचारले. या बाणापुढे आमच्या घरात कोणी टिकत नसे. बिचाऱ्या पाच जणींनी आपली होती नव्हती ती जुनी लुगडी फाडली आणि भोकांसकट पाच गोधड्या शिवल्या.

साहेब आले. चावडीपुढे दोरीवर गोधड्या, त्यांवर माझ्या सुवाच्य अक्षरातला पुठ्ठा : 'कै. माणिकराव यांच्या पवित्र स्मृतीस'. मी पाव तास शून्यावर बोललो. इतक्यात तुकारामबुवा नावाचे म्हातारे शेतकरी पुढे आले आणि त्यांनी भोकात मूठ घालून पाहिली.

"बैलाचं वशिंड बराबर बसंल. झूल झ्याक जमलीया, अण्णा! पर औंदा बैल हायत कुणाच्या दावणीला? समदे छावणीत."

झूल! तुम्ही म्हणाल, एवढेही ओळखता येऊ नये? येते हो! पण पोळ्याला, बैलाच्या पाठीवर. बाईच्या खांद्यावर ती मी कधी पाहिली होती? माणिकराव बैल होते. चाऱ्यावाचून गेले होते. आणि मी त्या माउलीला कलेचा इतिहास विचारत होतो!

"आमाला वळखू आली हुती," एक जण पुटपुटली. "पर अण्णांनी वाचल्यालं!"

साहेब उठले. "उद्या सकाळपर्यंत भोकं बुजवा. नाहीतर मी पुढच्या गावाला निघालो."

बुजवायला कापड कुठले? घरात चिंधी उरली नव्हती. सौभाग्यवतींनी ट्रंक उघडली, शाल काढली, कात्री घेतली.

"अहो, ती माझ्या वाचनाची..."

"व्हय. वाचनानं भोकं पाडली, वाचनानंच बुजवायची."

सकाळी साहेब खूश! "हा मधला चंद्र कोणाची कल्पना?" पाचही जणींनी तोंडाला पदर लावला. काम मात्र त्यांना मिळाले. हातोडे सुटले.

राहिली पाच भोकांची शाल. टाकवत नाही. थंडीत ती घेऊन ओट्यावर बसतो. नवखा कोणी विचारतो, "अण्णा, ही शाल कोणाची?"

खोटे बोलण्याची मला सवय नाही. मी सांगतो, "एका बैलाची. तो अजून गेलेला नाही. तोच पांघरून बसला आहे."