दहा वाजता मी गप्प होतो

पवनचक्क्यांच्या कंपनीचा इंजिनिअर पहिल्यांदा उमरग्याबाहेरच्या माझ्या शेतात आला, तेव्हा त्यानं चहाला नाही म्हटलं नाही. मला तिथंच शंका आली. ज्याला नुसती तक्रार करायची असते तो उभ्याउभ्या बोलून जातो. बसून चहा पिणाऱ्याला काहीतरी हवं असतं. जुन्या मोटारी-पंपांचा धंदा मी शून्यातून उभा केला तो असल्याच पारखीवर.

"काका, तुमच्या त्या तारेनं आमच्या उपकेंद्रात खोटे इशारे येतायत," तो म्हणाला.

तार म्हणजे माझी एरियल. विहिरीजवळच्या लोखंडी खांबापासून बांधावरच्या चिंचेपर्यंत ताणलेली. खाली निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर तांब्याच्या तारेचे वेढे. मी परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला आहे, मोर्सच्या ठोक्यांनी दूरच्यांशी बोलणारा. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्याही खाली एक चिंचोळा पट्टा आम्हाला वापरू देतात. तिथं पहिला हक्क दुसऱ्यांचा, आम्ही दुय्यम. वीज कंपन्याही आपल्या मोठ्या तारांवरून साधारण त्याच लहरींवर एका उपकेंद्राचे निरोप दुसऱ्याला धाडतात. त्यांना त्रास झाला तर आम्ही गप्प बसायचं, आम्हाला झाला तर सोसायचं. 'दुय्यम' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. ते वेढे जमवण्यात माझे दोन उन्हाळे गेलेत.

"तार उतरवा," इंजिनिअर म्हणाला. "न्हायतर वर कळवावं लागंल. मग परवान्याचं काय करायचं ते तेच ठरवतील."

आदल्या वर्षी याच कंपनीनं माझ्या शेतातून विजेची लाइन न्यायची म्हणून विचारलं होतं आणि मी हाकलून दिलं होतं. त्या लाइनच्या वाटेत नेमकी चिंच आणि खांब येत होता. आता इशाऱ्यांचं निमित्त. मी म्हणालो, "चाचणी घेऊ. मी वेळ सांगून मोर्सची चावी दाबतो, तुम्ही उपकेंद्रात बसून बघा."

मंगळवारी सकाळी दहा आणि दहा वीस अशा दोन वेळा ठरल्या. त्याच वेळा मी तुळजापूरच्या मास्तरांनाही कळवल्या. मास्तर म्हणजे निवृत्त तारमास्तर. मोर्स मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि त्या पट्ट्यावर माझे ठोके रोज ऐकणारा जिल्ह्यातला तो एकटाच माणूस.

मंगळवारी दहा वाजता मी चावीला हात लावला नाही. समोरच्याचा काटा खरा की खोटा हे बघायचं तर पारड्यात माल न ठेवताच वजन विचारावं. दहा वीसला मात्र पाच मिनिटं दाबली.

थोड्या वेळानं इंजिनिअरचा फोन आला. "दहाला इशारा आला बघा, लई जोरात."

"दहाला मी चावीवर बसलोच नव्हतो," मी म्हणालो. मला वाटलं, सौदा जिंकला.

तो गडबडला नाही. "दहा वीसला बसला होता?"

"व्हय."

"तेव्हा इथं काहीच आलं न्हाय. मग मी असं का समजू नये, की दहाला दाबली आणि वीसला गप्प बसला? तुमच्या शब्दाशिवाय पुरावा काय?"

मी फोनवर वाट्टेल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि शुक्रवारी वर पत्र जाईल म्हणाला.

पुरावा एकच होता. मी मास्तरांना फोन लावला.

"दहाला काहीच आलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं माझाच रिसीव्हर गेला. सगळ्या जोडण्या सोडून परत बसवल्या. वीसला तू स्वच्छ आलास."

"एवढं लिहून द्या त्यांना."

"देतो की. पण तू दहाला बसला का नाहीस?"

मी सांगितलं.

"मला तरी सांगायचंस. मी काय कंपनीचा माणूस?"

खरं कारण मी बोललो नाही. मास्तर भोळे, कुणी विचारलं तर सांगून टाकतील, असं मला वाटलं होतं.

"माझी नोंदवही कुणाची बाजू घ्यायला नाही," ते म्हणाले. "मंगळवारचं अख्खं पान देईन. त्याला तुझं पान जोडायचं. दहाची वेळ देऊन मुद्दाम बसलो नाही, असं तुझ्या अक्षरात."

"म्हणजे मी लबाड, असं त्यांना लिहून देऊ?"

"मग काय होतास?"

दोन दिवस मी त्यांचा फोन घेतला नाही. माझ्या वहीत दहाच्या जागी कोरी ओळ होती. गुरुवारी सकाळी ती भरली, तुळजापूरहून मास्तरांचं पान आणलं आणि दोन्ही पानं उपकेंद्रात नेऊन इंजिनिअरच्या टेबलावर ठेवली. त्यानं दोनदा वाचली. मला चहा विचारला नाही.

"वर कळवत न्हाय," शेवटी तो म्हणाला. "पण इशारे कशानं येतात ते सापडेपर्यंत, बसायच्या आधी इथं फोन करायचा. अन् वेळ खरी सांगायची."

तार उतरली नाही. इशाऱ्यांचं कारण अजून सापडलेलं नाही, आणि ते शोधतात की नुसते चिंचेकडं बघत बसलेत, कोण जाणे. आयुष्यात कुणाची परवानगी न मागणारा मी आता रोज फोन करतो. उपकेंद्रातला ऑपरेटर म्हणतो, "बरं काका, करा चालू."

परवा मला राहवलं नाही. "लिहून घेता का तुम्ही?"

"घेतो की."

"वाचून दाखवा."

"'नऊ चाळीस. काका बसणार म्हणाले.'"

"'बसले' लिहा."

"ते मला इथनं कसं कळणार, काका?"

भांडण तोंडाशी आलं होतं. मी घड्याळ बघितलं, वहीत नऊ चाळीस लिहिलं आणि चावी दाबली.