सातबाऱ्यावरची हिल्डाबाई

विषय : मौजा नालवाडी येथील माझ्या प्लॉटच्या सातबाऱ्यावरील बोजा कमी करणेबाबत.

संदर्भ : युरोपातील एक बाई. हे लिहिते वेळी तुरुंगात. आपण वाचाल तेव्हा बाहेर असू शकेल.

उपरोक्त विषयी सविनय सादर की, मी एक गाढवपणा केला आहे.

आता गाढवपणा कोण करत नाही? पण साध्या माणसाचा गाढवपणा तोंडी असतो, चार दिवसांत लोक विसरतात. मी पडलो महसुलातला कारकून. माझा गाढवपणा सहीशिक्क्यानिशी झालेला आहे. आजही कोणीही फी भरून त्याची नक्कल काढू शकतो.

तर ही हिल्डाबाई. सत्तरीच्या दशकात कधीतरी एक हिवाळाभर सेवाग्रामला येऊन राहिली होती. उंच, हाडकुळी, पायात टायरच्या चपला. सूत कातायला शिकली, शेणानं सारवायला शिकली. आमच्या ओळखीचे एक चौधरी गुरुजी होते, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते तिला एकदा आमच्या क्वार्टरवर जेवायला घेऊन आले. बायकोनं वांग्याचं भरीत केलं होतं, आपल्या हाताच्या तिखटाचं. बाईच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ताट मात्र पुन्हा पुढे. ती गेल्यावर बायकोनं निकाल दिला, "खाणारी बाई हाय. म्हंजे मनाची चांगली हाय." आमच्या घरी माणसाची परीक्षा एवढीच असते.

बाई आपल्या देशी परत गेली. तिथं तिच्या गावाजवळचं जंगल सरकारनं तोडायला घेतलं होतं. कशासाठी? तर क्षेपणास्त्रांचं कोठार बांधायला. सभोवती तारेचं कुंपण. ही बाई काय करायची, तर कुंपणाखालून सरपटत आत जायची आणि तोडलेल्या झाडांच्या जागी रोपं लावायची. बस्स. दगड नाही, घोषणा नाही. रोपं. त्यांनी तिला धरलं आणि तुरुंगात टाकलं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. देशोदेशी तिच्यासाठी समित्या निघाल्या. आमच्या वर्ध्यातही निघाली. समिती म्हणजे चौधरी गुरुजींची ओसरी, रविवारची दुपार आणि सात-आठ म्हातारे. म्हाताऱ्यांतला सर्वांत तरुण मी, म्हणजे निवृत्तीला आलेला. इंग्रजी मसुदा लिहिता येतो आणि अक्षर बरं आहे, म्हणून मला घेतलं होतं. काम काय, तर जगभरातून त्या देशाच्या न्यायमंत्र्याला कार्डं पाठवायची, तशी आम्हीही पाठवायची. या निरपराध बाईला सोडा, आपला नम्र.

मी पुष्कळ कार्डं लिहिली. पण खरं सांगू? माझा कार्डांवर विश्वास नव्हता. आमच्या कचेरीतही अशी कार्डं येत. त्यांचं आम्ही काय करायचो ते विचारू नका. एवढंच सांगतो की कार्डावर चहाचा कप ठेवला की टेबलावर डाग पडत नाही.

मग एका रविवारी, घरी येता येता, मला ते सुचलं. ज्याला सुचू नये त्याला नेमकं असंच सुचतं. मी म्हटलं, अरे, जगभरातले एवढे विद्वान लोक कार्डं लिहून राहिले, पण बाईला जामीन राहायचं कोणाच्या लक्षात आलं का? तुरुंगातून माणूस कशानं सुटतो? पाठिंब्यानं नाही, जामिनानं सुटतो. हे आमच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसालाही ठाऊक आहे. मोठमोठ्या लोकांच्या नजरेतून नेहमी साधी गोष्ट सुटते, असं माझं तेव्हा मत होतं. आता नाही.

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. तहसिलीतून ऐपतीचा दाखला काढला. आणि नालवाडीला आमचा एक प्लॉट होता, आयुष्यभराची पुंजी म्हणतात ती, तो मी हिल्डाबाईंच्या जामिनापोटी लिहून दिला. आता नुसतं लिहून दिलं तर परदेशातला न्यायाधीश म्हणेल, कशावरून? म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढवून घ्यायचा ठरवलं. पटवारी भोयर माझ्या चांगल्या ओळखीचा. तो सातबारा पुढ्यात घेऊन बसला.

"बाबूजी, बाई कोन लागते तुमची?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"घरच्यासाठी इथं कोनी जामीन राहत नाई. अन् जे तुमची कोनी नाई तिच्यासाठी तुम्ही काऊन राहून राह्यले?"

मी त्याला विश्वशांती समजावून सांगितली. त्यानं निमूटपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, कोर्टाचा हुकूम नाही, मी काय लिहू? मी म्हटलं, तू लिहू नकोस, मी सांगतो ते उतरव. आणि मजकूर मी सांगितला. तो मला आजही पाठ आहे: 'श्रीमती हिल्डा, राहणार परदेश, यांचे जामिनापोटी बोजा. सदर महिला तुरुंगातून कायमची मुक्त होईपर्यंत.'

'कायमची' हा शब्द माझा. भोयरला तो सुचणं शक्य नव्हतं. मला वाटलं, वजन येतं.

सगळे कागद इंग्रजीत करून, रजिस्टर विमानटपालानं तिथल्या न्यायाधीशाला पाठवले, एक संच तुरुंगात बाईलाही, आणि रविवारी ओसरीवर जाऊन जाहीर केलं. शाबासकीची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुम्ही जामीन राहिलात?"

"हो."

"तिला विचारून?"

विचारायचं काय त्यात? तेव्हा गुरुजींनी मला सांगितलं, आणि इतक्या शांतपणे सांगितलं की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. जामीन तिला पहिल्याच दिवशी देऊ केला होता. तिनं तो नाकारला. सत्याग्रही जामीन घेत नसतो. ती आत बसली आहे हेच तिचं काम आहे. बेचाळीसला गुरुजींच्या काकांनी त्यांच्यासाठी जामीन भरला होता, तर गुरुजी पुढं कितीतरी वर्षं काकांशी बोलले नव्हते.

"म्हणजे मी आता काय करावं?" मी विचारलं.

"ती बोलेल का तुमच्याशी ते बघा," गुरुजी म्हणाले.

बोलली. तुरुंगातून तिचं पत्र आलं. तिनं माझे कागद बराकीतल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवले होते. दूर कुठल्या देशात, ज्याला आपण एकदाच भेटलो असा माणूस आपली जमीन लिहून देतो, हे ऐकून काहीजणी रडल्या आणि ऐपतीच्या दाखल्यावरचा जांभळा शिक्का बघून काहीजणी हसल्या. तिनं आभार मानले होते आणि जामीन अर्थातच घेणार नाही असं कळवलं होतं. शेवटी एक ओळ: घरी नमस्कार सांगा, भरीत आठवतं.

मी घरी नमस्कार सांगितला. आणि नमस्कार कशाबद्दल हे सांगताना प्लॉटचंही सांगावं लागलं. तोवर घरी काही बोललो नव्हतो हो.

आता आमची अडचण ऐका. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्त झालं की सरकारी क्वार्टर सोडावं लागतं. त्या प्लॉटवर दोन खोल्या बांधायच्या, एवढा एकच बेत आम्ही दोघांनी लग्नापासून केला होता. न्हाणी कुठं, तुळस कुठं, सगळं ठरलेलं. बांधकामाची परवानगी म्हणा, सोसायटीचं कर्ज म्हणा, दोन्हींना कोरा सातबारा लागतो. आणि आमच्या सातबाऱ्यावर हिल्डाबाई बसलेली.

बायको भांडली नाही. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमाले दुसऱ्याचे अर्ज लिहाची सवय हाय. एखांदा आपल्यासाठी लिहा."

लिहिला. बोजा कमी करण्याचा अर्ज. तहसिलीत नवे साहेब आले होते, तरुण, नेमके. त्यांनी नोंद वाचली, पुन्हा वाचली.

"हा मसुदा कोणाचा?"

"माझा."

"उत्तम आहे," ते म्हणाले. "कुठं फट नाही."

त्यांचं म्हणणं असं की जामीन घेतला की नाही हा मुद्दाच नाही. नोंदीत म्हटलंय, महिला कायमची मुक्त होईपर्यंत. तर ती मुक्त झाल्याचा पुरावा आणा, बोजा उतरवतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. हे दुःख तुम्हाला कळायचं नाही.

झालं. त्या दिवसापासून वर्धा जिल्ह्यात हिल्डाबाईंच्या सुटकेसाठी माझ्या बायकोइतकं मनापासून कोणी झटलं नाही. रविवारी ती माझ्याआधी ओसरीवर हजर. बाईंची काही खबर? तब्येत कशी? सुनावणी कधी? म्हातारे भारावून गेले. समितीनं एकदा चौकात फलक घेऊन उभं राहायचं ठरवलं, तर पहिला फलक हिनं उचलला. एका भाजीवालीनं विचारलं, कोण ही हिल्डाबाई, कुठली? बायको म्हणाली, "आमच्या सातबाऱ्यावर हाय."

आणि बाई सुटली! समितीचं बळ, कार्डांचं बळ, कोणाचं का असेना. मी सुटकेचा कागद मागवला. आला, पण त्यांच्या भाषेत. नागपूरला ती भाषा येणारे एक प्राध्यापक शोधले, भाषांतर केलं, साक्षांकित केलं, प्रती काढल्या. सोमवारी कचेरीत द्यायचे म्हणून रविवारी कागद घेऊनच बैठकीला गेलो. गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं. हिल्डाबाई पुन्हा कुंपणाखालून आत गेल्या, रोपं लावली, पुन्हा अटक. बैठकीत सगळ्यांच्या तोंडावर अभिमान. आमच्या दोघांच्या तोंडावर सुतक.

हे एकदा झालं असतं तर मी किस्सा सांगत बसलो नसतो. पुढची काही वर्षं हाच क्रम. बाई बाहेर येते, कागद निघतो, भाषांतर होतं, शिक्के बसतात, आणि कागद तहसिलीच्या पायरीवर पोचतो तोवर बाई पुन्हा आत. ती सुटली की मला आनंद व्हायचा आणि आनंदाच्या पाठोपाठ घाई व्हायची. मी निवृत्त झालो. क्वार्टर सोडलं. नालवाडीतच एक खोली भाड्यानं घेतली. तिच्या खिडकीतून आमचा प्लॉट दिसतो. सोय आहे.

एक दिवस बायको म्हणाली, मी सांगते ते पत्र इंग्रजीत लिहा. मी कागद घेतला. तिचं पत्र दोनच वाक्यांचं. "बाई, झाडं लावाले माझी ना नाई. पन कुंपनाच्या अलीकडं लाव."

मी तसंच्या तसं लिहिलं. माझ्या आयुष्यात इतका नेमका मसुदा मी केला नव्हता.

उत्तर यायला बरेच दिवस लागले, कारण ते तुरुंगातून यायचं होतं. तेही दोनच वाक्यांचं. 'ताई, तुमचं बरोबर आहे. पण झाडं कुंपणाच्या पलीकडं तोडली आहेत.'

मी मराठी करून सांगितलं.  बायको म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग उठून चुलीकडं गेली. त्यानंतर तिच्या तोंडून हिल्डाबाईंबद्दल वाकडा शब्द आलेला नाही. माझ्याबद्दल येतो, पण ते वेगळं.

मागच्या महिन्यात तहसिलीतून बोलावणं आलं. बाई सध्या आत असली तरी प्रकरण जुनं झालंय, निकाली काढू, असं साहेबांच्या मनात आलं होतं. दयाळू माणूस. टेबलावरच्या बाबूनं मला नमुना दिला. अर्जदारानं फक्त एवढं लिहून द्यायचं की, सदर महिला सुटल्यानंतर भविष्यात पुन्हा असे कृत्य करणार नाही व तुरुंगात जाणार नाही, याची मी हमी घेतो. सही करा, पंधरवड्यात सातबारा कोरा.

मी नमुना घेऊन घरी आलो. शाईही भरली. बायकोनं विचारलं, काय हाय? वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"नका देऊ लिहून. ते बाई पुन्हा आत जाईन."

"अगं, दोन खोल्या."

"जाईन ते. मले मालूम हाय. अन् तुमी खोटं लिहून देसान. ठेवा ते."

मी ठेवलं. ठेवता ठेवता नमुना पुन्हा वाचला. भाषा ओळखीची वाटली. कुठं फट नाही. मग आठवलं. फार वर्षांपूर्वी, मी त्याच शाखेत असताना, लोक हमी देऊन पळवाटा काढतात म्हणून वरून तंबी आली होती, तेव्हा एका रात्रीत बसून हा नमुना मीच तयार केला होता. अजून चालू आहे. सायक्लोस्टाइल मात्र पुसट झालंय.

हिल्डाबाई आत आहे. हमीपत्र दिलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.